डावी बाही

फकिराला राग लवकर येत नसे. पण एकदा आला की नको असलेल्या पाहुण्यासारखा मुक्कामच ठोकायचा. मग सकाळचा चहा त्याच्याबरोबर आणि दुपारची भाकरही त्याच्याबरोबर. त्याची बायको सरूबाई अशा वेळी ताट पुढं सरकवायची आणि शेजारी निघून जायची. माणूस वाईट होता असं मुळीच नाही. आयुष्यभर दुसऱ्यासाठी राबलेला होता, आणि म्हणूनच आपल्याला रागवायचा हक्क आहे असं त्याला मनापासून वाटायचं.

करमाडात निम्म्या घरांना फकिराच्या हातच्या चौकटी होत्या. तसा तो जातीनं सुतार नव्हे. घर शेतकऱ्याचं, शिवारात नाव असलेलं. पण लहानपणी गावातल्या पुंजाराम सुताराच्या पडवीत जाऊन बसायची खोड लागली ती लागलीच. "पाटलाच्या पोरानं रंधा मारायचा म्हंजे आमी गावात तोंड कुठं दाखवायचं?" असं बाप मरेपर्यंत बोलत राहिला. बाप गेला, पाठोपाठ कोरडी सालं आली, आणि मग त्याच रंध्यानं घराची चूल पेटती ठेवली. धाकटा भाऊ काकासाहेब शहरात शिकला तोही फकिराच्या करवतीवर. आता काकासाहेब संभाजीनगरला कॉलेजात प्राध्यापक होता, लोक त्याला सर म्हणायचे. त्या 'सर'मध्ये आपलाही वाटा आहे, हे फकिरा कुणाजवळ बोलून दाखवत नसे. पण कुणीतरी ते आपणहून बोलावं, याची वाट मात्र तो वर्षानुवर्षं बघत होता.

काकासाहेबानं देवळाईकडं प्लॉट घेऊन बंगला बांधायला काढला तेव्हा तो सगळ्यात आधी करमाडला भावाकडं आला.

"दादा, घरातलं सगळं लाकूडकाम तूच करायचं," तो म्हणाला. "पण आधी मोठ्या दाराची चौकट. आन ती बांधावरल्या सागाची."

बांधावरचा साग फकिरानंच लावलेला, काकासाहेब कॉलेजला गेला त्या पावसाळ्यात. त्यानं रीतसर परवानगी काढून झाड पाडलं, आरा मशीनवर चिरून आणलं आणि शेडमध्ये सावलीला, फळ्यांमध्ये चिपा घालून, वर दगड ठेवून वाळवलं. घाई करून ओलं लाकूड लावलं की ते पहिल्या उन्हाळ्यात पिळवटतं. फकिरानं घाई केली नाही. येता-जाता तो त्या फळ्यांवरून हात फिरवायचा, आणि सरूबाई हसायची. "पोटच्या पोराला कवा असा गोंजारला नाय तुमी," ती म्हणायची.

चौकटीची एक रीत असते. दोन्ही बाजूंना जी उभी लाकडं असतात त्यांना बाह्या म्हणतात. त्या बाह्यांचा बुंध्याकडचा भाग खाली आणि शेंड्याकडचा वर, असाच राहिला पाहिजे. झाड रानात जसं उभं होतं तसंच दारात. म्हणून लाकूड चिरलं की पहिल्यांदा बुंध्याच्या टोकाला गेरूचं बोट ओढायचं, हे पुंजारामनं फकिराला रंधा हातात द्यायच्या आधी शिकवलं होतं. बाही उलटी उभी केली तर घरही उलटं चालतं म्हणतात. खरं की खोटं हे कुणी तपासून पाहिलेलं नाही, कारण जाणूनबुजून तसं करायची हिंमत कुण्या सुतारानं केली नव्हती.

उंबरा झाला, वरची गणेशपट्टी झाली, उजवी बाही झाली. डावी बाही रंधून तयार होती, तिच्यावर आखणी तेवढी बाकी होती. चौकट बसवायची पूजा दोन दिवसांवर आली होती. अशा वेळी फकिरा भिंतीतल्या जागेचं माप पुन्हा ताडून बघायला देवळाईला गेला. माप त्याच्याकडं होतंच. पण सुताराचा गवंड्यावर विश्वास नसतो.

काकासाहेब कॉलेजात होता. बांधकामावर त्याची बायको प्रेरणा फरशीवाल्याशी बोलत उभी होती. फकिराला बघून ती "या दादा" म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"नाही गं, आत्ता नाही निघता येत," ती फोनवर कुणाला तरी म्हणाली. "चौकटीचे मिस्त्री आलेत. माप घेतायत."

फकिराच्या हातातली टेप तशीच राहिली. मिस्त्री! ज्याच्या करवतीवर तिचा नवरा सर झाला, तो थोरला दीर तिच्या तोंडी मिस्त्री झाला होता. बोलली ती सहज. फोन खाली ठेवला तेव्हा आपण काय म्हणालो हे तिच्या ध्यानातही नव्हतं. थोड्या वेळानं गवंड्यांसाठी कागदी कपात चहा आला, त्यातलाच एक कप फकिराच्या हातात पडला. सिमेंटच्या पोत्यावर बसून त्यानं तो घेतला. शेजारच्या पोत्यावर एक पिशवी होती आणि पिशवीतून पांढरा टॉवेल आणि टोपी डोकावत होती.

"पूजेचं सामान आहे ते," प्रेरणा म्हणाली. "नारळ, खण, मिस्त्रीला टॉवेल-टोपी, सगळं आणून ठेवलंय. तुम्ही चौकट जरा सकाळी लवकर पोचवा, म्हणजे गुरुजींचा खोळंबा नको."

"पोचवतो," फकिरा म्हणाला.

'ही टोपी कुणासाठी गं?' एवढं एक वाक्य त्यानं विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण विचारलं असतं तर तो फकिरा कसला! करमाडची बस येईपर्यंत त्यानं सगळं स्वतःच ठरवून टाकलं. पूजेला काकासाहेब आणि प्रेरणा जोडीनं बसणार. आपण शेडमधून चौकट आणून टाकायची, बाजूला उभं राहायचं, आणि पूजा झाली की चार लोकांसमोर डोक्यावर मिस्त्रीची टोपी घालून घ्यायची. त्याच्या पोटात आग पडली. ती विझायला नको म्हणून तो वाटभर तिच्यात काटक्या घालत बसला.

घरी आल्यावर पाणीही न पिता तो शेडमध्ये गेला. डावी बाही बाकावर घेतली. तिच्या एका टोकाला गेरूचं लाल बोट होतं. फकिरानं ते नीट पाहिलं. मग बाही फिरवली, आणि जिथं उंबऱ्याचा जोड यायचा तिथं गणेशपट्टीचा जोड आखायला घेतला.

राग दोन घाव घालून मोकळा झाला तर माणूस निदान म्हणू शकतो की भान नव्हतं. फकिराला ती सोय नव्हती. त्यानं गुण्या लावून काटकोन बघितला. खतकसानं कडेला समांतर रेघ ओढली. करवतीनं रेघेच्या बाहेरून कापलं, पटाशीला धार दिली, मोगरीचे हलके ठोके घालत खाचेत बसणारं कुसू कोरलं. दर ठोक्याला थांबता येत होतं, आणि दर ठोक्याला तो थांबला नाही. काम इतकं नेटकं उतरत होतं की जोडात केसही शिरू नये. आयुष्यातला सगळ्यात वाईट विचार त्यानं आयुष्यातल्या सगळ्यात सुबक जोडात बसवला, आणि शेवटी गेरूचं बोट रंध्याच्या एका फेऱ्यात काढून टाकलं.

सरूबाई चहा घेऊन आली तेव्हा चौकट उभी होती.

"लई देखणी झाली वो," ती म्हणाली. "काकासाबाच्या दाराला शोभंल."

"शोभंल की," फकिरा म्हणाला आणि हत्यारं पुसायला लागला.

पूजेच्या दिवशी टेम्पोतून चौकट आली. गड्यांनी ती जागेवर उभी करून मागून बल्ल्यांचा टेका दिला. आंब्याच्या पानांचं तोरण चढलं, उंबऱ्यापाशी पाट मांडले गेले. कॉलेजातले लोक, प्रेरणाच्या माहेरचे, शेजारीपाजारी असे बरेच जमले होते. फकिरा आपला लांब, वाळूच्या ढिगापाशी उभा होता. टोपी घालायला बोलावतील तेव्हा जाऊ, असं मनाशी म्हणत होता. त्याला त्या अपमानाची जवळजवळ घाई झाली होती. तो झाला की हिशेब पुरा होणार होता.

"पूजेला कोण बसणार?" गुरुजींनी विचारलं.

"दादा आणि वहिनी," काकासाहेब म्हणाला.

फकिराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. काकासाहेब वाळू तुडवत त्याच्यापाशी आला. त्याच्या हातात केशरी फेटा होता. तो त्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं फकिराच्या डोक्याला बांधला. "मंडळी, हे माझे थोरले भाऊ," तो लोकांकडं वळून म्हणाला. "ही चौकट त्यांनी केली, आणि मलाही त्यांनीच केलं. या घराला पहिला हात लागेल तो त्यांचाच." मग त्यानं वाकून पाया धरले. प्रेरणानंही डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला, आणि सरूबाईला हिरवं लुगडं दिलं. टॉवेल-टोपी गवंड्याला मिळाली. तो मिस्त्री म्हणजे गवंडी होता. फोनवर ती तसं का बोलली होती ते तिचं तिलाच ठाऊक. बहुधा कुणाचा तरी फोन लवकर ठेवायचा म्हणून बोलली असेल.

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते सगळं फकिराला त्या दहा पावलांत मिळालं, आणि त्यातलं काहीही त्याला घेता येईना. तो पाटावर बसला. शेजारी सरूबाई आनंदानं डोळे पुसत होती. गुरुजींनी उजव्या बाहीला हळदकुंकू वाहायला सांगितलं, त्यानं वाहिलं. मग डाव्या बाहीला सांगितलं. फकिराचा हात मध्येच थांबला.

"म्हणा," गुरुजी म्हणाले, "या घरात सुखशांती नांदो, वंश वाढो."

अजून वेळ गेलेली नव्हती. चौकट नुसती टेक्यावर उभी होती. 'थांबा, बाही बदलायची आहे' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुहूर्त चार दिवस पुढं गेला असता, चार माणसं कुजबुजली असती, बस. पण डोक्यावर ताजा फेटा होता, आणि इतका उशिरा मिळालेला फेटा उतरवून ठेवायचं बळ फकिरात नव्हतं.

"सुखशांती नांदो," तो म्हणाला. "वंश वाढो." आणि त्यानं स्वतःच्या पापाला कुंकवाचं बोट लावलं. नारळ फुटला. गवंड्यानं बाह्यांना ठोकलेल्या लोखंडी पट्ट्यांभोवती सिमेंट भरलं आणि थापीनं गच्च केलं.

जेवणं झाली, लोक पांगले. काकासाहेब एकटाच चौकटीपाशी उभा राहून लाकडावरून हात फिरवत होता. प्राध्यापक झाला तरी तो त्या शेडमध्ये भुशात बसून पाढे पाठ केलेला पोरगा होता. सागाच्या फळीवर रेघांचे एकात एक डोंगर उठलेले असतात, आणि त्यांची टोकं शेंड्याकडं असतात. उजव्या बाहीवरचे डोंगर वर बघत होते. काकासाहेबाचा हात डाव्या बाहीवर थांबला.

"दादा," त्यानं हळूच हाक मारली. "ही उलटी हाय का रं?"

फकिरा जवळ आला. बघितल्यासारखं केलं.

"तुझ्या हातून असं व्हत नाय कवा," काकासाहेब म्हणाला. त्याच्या बोलण्यात संशय नव्हता, नुसतं नवल होतं. म्हणूनच ते सहन होईना.

दोनच गोष्टी सांगता येत होत्या. मुद्दाम केलं, किंवा चुकून झालं. पहिली सांगितली तर अर्ध्या दिवसापूर्वी मिळालेला भाऊ जाणार, दुसरी सांगितली तर जन्मभर कमावलेला हात जाणार. फकिरानं हात दिला.

"डोळे गेलेत रं माझे," तो म्हणाला. "गेरूचं बोट दिसलंच नाय. कुणाला बोललो नव्हतो."

काकासाहेबाचे डोळे भरून आले. "आधी काऊन नाय सांगितलंस? आन मी तुला कामाला जुंपलं!" त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे. उलटी असो का सुलटी, तुझ्या हातची हाय. मी असलं काय मानत नाय. कुणाला बोलूच नको."

बाहीबद्दल काकासाहेब खरोखरच कुणाला बोलला नाही. डोळ्यांबद्दल मात्र तो सगळ्यांना बोलला, कारण त्याला काळजी होती. बंगल्याची बाकीची दारं-खिडक्या त्यानं शहरातल्या एका फर्निचरवाल्याला दिली. "दादाच्या डोळ्यांना ताण नको," तो म्हणाला. ती बातमी करमाडला पोचायला वेळ लागला नाही. एकानं देव्हारा करायला टाकलेलं लाकूड हात जोडून परत नेलं. दुसऱ्याचं लग्नाचं पाट-चौरंगाचं काम चिकलठाण्याला गेलं. कुणी वाईट बोललं नाही. उलट रस्त्यात लोक हात धरून गटार ओलांडून द्यायला लागले, आणि फकिराला तो हात धरू द्यावा लागायचा. लांबून येणारा माणूस ओळखला तरी "कोण ए?" असं विचारावं लागायचं. मनातल्या मनात तो सगळ्यांना शिव्या घालायचा आणि तोंडानं "देव भलं करो" म्हणायचा.

शेडमध्ये तो रोज जायचा. पटाशीला दगडावर धार लावायची, अंगठ्यावर पाहायची आणि पेटीत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काम नसलेल्या हत्याराला इतकी धार कधी कुणी दिली नसेल.

एकदा ओसरीवर सरूबाई तांदूळ निवडत होती. फकिरानं समोरून बोट दाखवलं. "तो बघ, खडा राहिला." पांढऱ्या तांदळात पांढरा खडा. सरूबाईनं तो उचलला, मग नवऱ्याकडं बघत राहिली. पूजेच्या दिवशी चौकटीपाशी झालेलं दोघा भावांचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं.

"तांदळातला खडा दिसतो तुमाला," ती म्हणाली, "आन लाल गेरू दिसला नाय?"

"तोंड बंद कर!" फकिरा असा ओरडला की तिच्या हातातलं सूप हललं. तिनं तोंड बंद केलं, पण त्या दिवसापासून ती त्याच्या समोर तांदूळ निवडायला बसली नाही.

बंगला पुरा झाला. वास्तुशांत झाली. वाईट काहीच घडलं नाही. काकासाहेबाच्या मुलीला, संस्कृतीला, चांगली नोकरी लागली. प्रेरणाच्या हौसेच्या बागेत जास्वंद फुलली. उलट्या बाहीनं त्या घराचं काडीइतकं बिघडवलं नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण फकिराला याचंही कधी कधी वाईट वाटायचं.

दिवाळी झाल्यावर काकासाहेबाचा फोन आला. समर्थनगरला चांगली डोळ्यांची डॉक्टर आहे, वेळ घेतली आहे, ऑपरेशन लागलं तर तेही करून टाकू. फकिरानं नाही नाही ते बहाणे सांगितले. "दादा, मला शिकवलंस तवा मी नाय म्हणलो का?" काकासाहेब म्हणाला, आणि सकाळी गाडी घेऊन दारात हजर झाला. "तपासून झालं की घरीच जाऊ," त्यानं वाटेत सांगितलं. "प्रेरणानं तुझ्यासाठी पुरण घातलंय."

डॉक्टर तरुण होती, गोड बोलायची. तिनं फकिराला खुर्चीत बसवलं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सगळ्यात वरचं मोठं अक्षर त्यानं सांगितलं. त्याखालच्या ओळीला मान हलवली. अगदी तळाची ओळ त्याला स्वच्छ दिसत होती. इतकी बारीक, रेखीव अक्षरं कोण कोरतं, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

"हे 'न' दिसतंय, की 'म'?" डॉक्टरनं विचारलं.

"काय बी दिसना बाई," फकिरा म्हणाला.

तिनं भिंगं बदलली. मग यंत्रापाशी हनुवटी टेकवायला लावली, थेंब घातले, बसवून ठेवलं, पुन्हा आत उजेड टाकून बराच वेळ बघितलं. काकासाहेब शेजारी स्वतःचेच हात एकमेकांत गुंफून बसला होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

"सर, काळजीचं काहीच नाही," शेवटी डॉक्टर म्हणाली. "मोतीबिंदू नाही, पडदा उत्तम आहे. जवळचा चष्मा आहे तोच बरोबर आहे. या वयात इतके चांगले डोळे मी क्वचित बघते." मग ती जरा घुटमळली. "ओळ का वाचता येत नाही, ते मात्र मला कळलं नाही."

काकासाहेब आधी हसला. "म्हणजे ऑपरेशन नाही?" त्यानं आनंदानं विचारलं. डॉक्टरनं मान हलवली. मग ते हसू त्याच्या चेहऱ्यावर जागच्या जागी थांबलं. तो फकिराकडं वळला नाही. डॉक्टरचे आभार मानले, कागद घेतला, भावाचा हात धरून त्याला जिन्यावरून खाली आणलं आणि गाडीत बसवलं.

गाडी क्रांती चौकातून जालना रोडला लागली. थेंबांमुळं फकिराला सगळं पांढुरकं दिसत होतं. आज पहिल्यांदाच त्याचे डोळे खरोखर अधू होते. तरी रस्ता त्याच्या ओळखीचा होता. देवळाईकडं जायचं वळण आलं आणि गाडी वेग कमी न करता सरळ पुढं निघाली. काकासाहेबाचा फोन वाजला. प्रेरणाचा असणार. त्यानं तो उचलला नाही.

"काकासाब," फकिरा म्हणाला, "वळण मागं राहिलं."

"दिसलं का तुला?" काकासाहेबानं विचारलं.

त्याच्या आवाजात राग नव्हता. चौकटीपाशी होतं तेच नवल होतं, फक्त आता त्याला उत्तर नको होतं. सिडको गेलं, चिकलठाणा गेलं, शेंद्र्याच्या कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या. 'मी मुद्दाम केलं, मला माफ कर,' एवढंच सांगायचं होतं आणि करमाडपर्यंत त्यासाठी भरपूर रस्ता होता. फकिरा गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत बसला. घरापाशी गाडी थांबली तेव्हा तो स्वतःच दार उघडून उतरला, आणि काकासाहेब उंबऱ्यापर्यंतही आला नाही.